फोर्टातल्या आमच्या जुन्या ब्रांचच्या इमारतीबद्दल चेअरमन साहेबांना खुलं पत्र

मा. चेअरमन साहेब आणि बोर्डावरचे सगळे मेंबर,

सप्रेम नमस्कार.

पेपरात आतल्या पानावर, कर्ज थकवलेल्यांच्या फ्लॅटच्या लिलावांच्या गर्दीत, आपल्या बँकेची एक नोटीस छापून आलीये. फोर्टमधली जमीन आणि तिच्यावरचं बांधकाम 'जसे आहे जेथे आहे' तत्त्वावर विकणे आहे, बंद पाकिटातून बोली मागवल्यात. प्लॉट किती चौरस मीटर ते लिहिलंय, अनामत रक्कम किती ते लिहिलंय, डिमांड ड्राफ्ट कुणाच्या नावाने काढायचा तेही लिहिलंय. इमारत शंभरी ओलांडलेली आहे आणि पालिकेच्या हेरिटेज यादीत आहे, एवढं मात्र अख्ख्या नोटिशीत कुठेही नाही.

बँकेचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये. माझी पेन्शन आजही तुमच्याकडूनच येते आणि जिथे नोकरी केली त्या बँकेची व्हॉट्सॲपवर नावानिशी शोभा करायची मला हौस नाही. सही केलेली प्रत स्पीड पोस्टाने हेड ऑफिसला गेलीये, त्यात नाव, पत्ता, ब्रांच कोड सगळं आहे. इथे लिहितेय कारण आधी पाठवलेल्या पत्रांना एकदाही उत्तर आलं नाही, आणि ही इमारत कागदावर तुमची असली तरी तिचं काय होणार ते फोर्टात रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसालाही कळायला हवं.

मी कोण, तर या ब्रांचला ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्लार्क-कम-कॅशिअर म्हणून लागले आणि हेड कॅशिअर म्हणून रिटायर झाले. मधे घाटकोपर झालं, ठाणे झालं, पण फिरून फिरून भोपळे चौकात, तशी मी परत फोर्टलाच. डोंबिवलीहून फास्ट पकडायची, व्हीटीला उतरायचं, आणि डी. एन. रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौकाकडे चालत सुटायचं. त्या कमानी ज्यांनी बांधल्या त्यांना पावसाळ्यात मी मनातल्या मनात किती दुवा दिलाय, कारण बराचसा रस्ता छत्री न उघडता पार पडायचा. आताच्या काचेच्या बिल्डिंगा बघा, रस्त्यावरच्या माणसाला आडोसा म्हणून वीतभर जागा सोडत नाहीत.

आधी एक कबूल करते. आपली इमारत काही राजवाडा नाहीये. लिफ्ट कायम बंद, लेडीज टॉयलेट दुसऱ्या मजल्यावर आणि तिथे पाणी असेल तर नशीब, रेकॉर्ड रूममध्ये उंदीर. आर्किटेक्चरच्या पुस्तकात तिचा फोटो असेल असंही मला वाटत नाही. पण त्या बँकिंग हॉलमध्ये जो कुणी एकदा उभा राहिलाय त्याला मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. दोन मजल्यांइतकी उंची, वर मधोमध काचेचं छत, खाली बर्मा टीकचं अर्धगोल काउंटर आणि त्यावर पितळी जाळ्या. दुपारी बारा-साडेबाराला वरून उजेड यायचा तो थेट काउंटरवर पडायचा, आणि नोट खरी का खोटी बघायला ती नुसती वर धरली तरी वॉटरमार्क दिसायचा. तेव्हा कुठे होती तुमची यूव्ही मशिनं.

काउंटरच्या लाकडाला प्रत्येक कॅशिअरच्या जागी एक खळगा पडलाय. एकाच जागी पिढ्यान् पिढ्या नोटा थोपटून थोपटून. माझ्या खिडकीचा खळगा जरा डावीकडे होता, माझ्या आधी तिथे बसणारे गृहस्थ डावखुरे होते म्हणून. आणि तळघरातल्या स्ट्राँग रूमपासून लिफ्टच्या तोंडापर्यंत आणि तिथून कॅश केबिनपर्यंत फरशीत दोन समांतर रेघा आहेत, कॅशच्या पेट्यांच्या गाडीची लोखंडी चाकं रोज सकाळ-संध्याकाळ तिथूनच गेली म्हणून उमटलेल्या. (लिफ्ट बंद असली की पेट्या शिपाई खांद्यावरून न्यायचे, तो वेगळा विषय.) नव्या माणसाला स्ट्राँग रूम कुठे विचारलं की आम्ही बोट खाली करायचो, रेघेवरून चालत जा म्हणून. स्ट्राँग रूमला इंग्लंडहून आलेला चब कंपनीचा दरवाजा, दोन किल्ल्या, एक माझ्याकडे एक अकाउंटंटकडे, दोघं हजर असल्याशिवाय उघडणे नाही. तो दरवाजा एवढा वजनदार पण एका हाताने ढकलला की फिरायचा, बिजागरी कधी कुरकुरली नाही. हे सगळं 'जसे आहे जेथे आहे' मध्ये धरलंय का साहेब? की भंगाराच्या भावात वेगळं जाणार आहे?

आता थोडा इतिहास सांगते, कारण बोर्डावरच्या नव्या मंडळींना फोर्ट म्हणजे पार्किंग न मिळणारी जागा एवढंच माहीत असावं अशी मला शंका आहे.

फोर्ट म्हणजे खरोखरचा किल्ला होता. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना त्याच्या भिंती पाडल्या, आणि नेमकं त्याच सुमाराला तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, मग आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत एवढा पैसा आला की लोकांना तो ठेवायचा कुठे कळेना. बँका, फायनान्स कंपन्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅकबे रेक्लमेशनचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटीने विकले जात होते आणि या सगळ्या खेळाचा राजा होता प्रेमचंद रायचंद. मग अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ ला वायदे पुरे करायची तारीख आली तेव्हा कुणाकडेच पैसे नव्हते. शेटजी गेले, दलाल गेले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बँक ऑफ बॉम्बे गेली. १८४० साली निघालेली, खुद्द सरकारची भागीदारी असलेली बँक. असल्या शेअरांच्या तारणावर तिने वारेमाप कर्जं दिली होती. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली आणि त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी केली. तीच पुढे १९२१ ला इम्पीरियल बँकेत गेली आणि १९५५ ला त्याची स्टेट बँक झाली.

पुढे स्वदेशीच्या लाटेत आपल्या माणसांच्या बँका निघाल्या, १९०६ ला बँक ऑफ इंडिया, १९०८ ला बडोद्याला सयाजीरावांची बँक ऑफ बडोदा, १९११ ला सोराबजी पोचखानवालांची सेंट्रल बँक. आणि लगेच १९१३ ला मुंबईतलीच इंडियन स्पेशी बँक बुडाली, तिच्या मागोमाग देशभर कितीतरी छोट्या बँका बुडाल्या. म्हणजे त्या काळच्या गिरगावातल्या कारकुनाने किंवा मांडवीच्या व्यापाऱ्याने बँक बुडणं ही गोष्ट ऐकलेली नव्हती, भोगलेली होती. तेव्हा ना रिझर्व्ह बँक (ती १९३५ ला आली) ना ठेवींचा विमा. अशा माणसाने आपले पैसे तुमच्याकडे का ठेवावे? माझं तरी स्पष्ट मत आहे की या इमारती त्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून एवढ्या दणकट बांधल्या. कुर्ल्याचा दगड, मालाडचा पिवळसर दगड, हाताच्या कवेत न मावणारे खांब. आम्ही उद्या गाशा गुंडाळून जाणार नाही, हे ठेवीदाराला दारातच दिसावं म्हणून. आपल्या बँकेच्या जुन्या कॅलेंडरांवर, पासबुकांवर, चेकवर याच इमारतीचं चित्र असायचं ते काय उगीच? त्या चित्रावर ठेवी गोळा केल्यात आपण.

१९६९ च्या १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० ला आणखी सहांचं. त्यानंतर बँकेत कोण यायला लागलं हे मी डोळ्यांनी बघितलंय. गोदीतले कामगार, डबेवाले, फुटपाथवर पेनं विकणारे, त्याच पितळी जाळीसमोर रांगेत. आधी बिचकायचे, एवढी मोठी इमारत बघून चपला बाहेर काढून आत यायचे, त्यांना सांगावं लागायचं की अहो घालून या, बँक आहे ही. मग सवय झाली आणि पुढेपुढे तर टोकन नंबर पुकारायला दोन मिनिटं उशीर झाला की आमच्यावर ओरडायला लागले. मला ते फार आवडायचं.

आणि ही इमारत आपण आधी सांभाळलीही आहे, म्हणून तर जास्त राग येतो. १२ मार्च १९९३, शुक्रवार होता, दीडच्या सुमाराला स्टॉक एक्सचेंजमध्ये बॉम्ब फुटला तेव्हा पब्लिक अवर्स चालू होते आणि आमच्या काचेच्या छताच्या दोन तावदानांचा खच काउंटरच्या आत पडला. कुणाला लागलं नाही, नशीब. तेव्हाच्या मॅनेजर साहेबांनी पावसाळ्याच्या आत छत दुरुस्त करून घेतलं, जुन्या पिवळसर काचेसारखी काच मिळेना म्हणून एक तावदान साधं पांढरं बसवलं, ते आजही तसंच आहे. म्हणजे बॉम्बस्फोटानंतर आपल्याला छत दुरुस्त करता येत होतं. आता कसला बॉम्ब फुटलाय?

२०१७ ते २०२० मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली, सत्तावीसच्या बारा झाल्या, ब्रांचा एकमेकींत मिसळल्या, मोठी ऑफिसं बीकेसीला (बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला) गेली. हे सगळं मला मान्य आहे, एकाच गल्लीत एकाच बँकेच्या तीन ब्रांचा कशाला हव्यात. पण आपली ब्रांच समोरच्या गल्लीतल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये हलवली आणि या इमारतीला टाळं लावलं, त्या दिवसापासून जे चाललंय ते मला मान्य नाही. माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार पाण्याची. गच्चीवरचं पाणी वाहून नेणारे जुने बिडाचे पाइप होते, त्यातला रस्त्याकडचा एक तुटला तेव्हा मधला तुकडा प्लॅस्टिकचा टाकला, तोही निखळला आणि आता गच्चीचं सगळं पाणी भिंतीवरूनच उतरतं. गच्चीवरच्या पन्हळी कचऱ्याने आणि कबुतरांच्या घाणीने भरल्यात. दुसऱ्या मजल्याच्या कॉर्निसमध्ये, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या नक्षीच्या कडेत, पिंपळ उगवलाय, खालून बघितला तरी मनगटाएवढं खोड दिसतं. पिंपळ नुसता वरून छाटला की मुळं आणखी जोमाने दगडाच्या सांध्यात शिरतात हे गावातल्या कुठल्याही गवंड्याला विचारा, आणि तुमच्या माणसाने तेच केलं, दोन वर्षांपूर्वी कोयत्याने वरवर छाटून गेला. जुन्या इमारतीला वय मारत नाही, पाणी मारतं. छतातले लोखंडी गर्डर ओल लागून गंजतात, गंजले की फुगतात, फुगले की आजूबाजूची वीट फोडतात, आणि मग लोक म्हणतात इमारत म्हातारी झाली.

दुसरी, तुम्ही केलेली दुरुस्ती. दुरुस्ती न करणं परवडलं असं म्हणायची पाळी आणलीत. मूळ इमारत चुन्यात बांधलेली आहे. चुना ओल आत घेतो तशी बाहेरही सोडतो. संगणकीकरणाच्या वेळी आतून सिमेंटचा गिलावा मारला, वर ऑइल पेंट फासला, बाहेर सांधे सिमेंटने भरले. आता ओल आत अडकते आणि निघायला वाट नाही म्हणून दगडाचेच पापुद्रे सुटायला लागलेत. बाहेरच्या नक्षीत ड्रिल मारून एसीचे डबे टांगले. काचेच्या छताखाली फॉल्स सीलिंग ठोकलं, त्यामुळे वर गळतंय हे कळायलाच कित्येक पावसाळे गेले आणि भर दुपारी ट्यूबलाइटच्या उजेडात नोटा मोजायची वेळ आली. यातल्या कुठल्या कामाला हेरिटेज कमिटीची परवानगी घेतली होती? मी माहिती अधिकारात विचारलं, उत्तर आलं की माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. असंकलित द्या, मी करते की संकलन, रिटायर आहे, वेळच वेळ आहे.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे आणि ती मुंबईतल्या सगळ्यांनी नीट वाचावी, कारण हा खेळ फक्त आपल्या इमारतीपुरता नाही. मुंबईत १९९५ ला हेरिटेजचे नियम आले, देशात असे नियम सगळ्यात आधी आणणाऱ्या शहरांत आपण होतो. यादीतल्या इमारतीला हात लावायचा तर कमिटीपुढे जावं लागतं, सरळ उठून पाडता येत नाही. पण मुंबईत दुसरीही एक यादी असते, धोकादायक इमारतींची. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, मग तिची वर्गवारी ठरते, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती, सी-२ मध्ये मोठी दुरुस्ती, आणि सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा. त्यासाठी पालिकेच्या कायद्याच्या ३५४ कलमाखाली नोटीस निघते. नियम चांगलाच आहे, माणसं मरू नयेत म्हणून आहे. पण एखाद्या मालकाला हेरिटेज इमारत नकोशी झाली तर त्याने करायचं काय? काहीच करायचं नाही. टाळं लावायचं, पन्हळ तुंबू द्यायची, पिंपळ वाढू द्यायचा, आणि पाच-सात पावसाळ्यांनी ऑडिटवाल्याला बोलवायचं.

तुमच्या मनात हेच आहे असं मी म्हणत नाही. पण ब्रांच हलवायच्या आधी एक ऑडिट झालं होतं हे मला माहीत आहे, इंजिनिअर मंडळी हातोड्या घेऊन कॉलम ठोकत फिरली तेव्हा माझे जुने सहकारी तिथे कामावर होते. त्यांना तोंडी सांगितलं होतं की दुरुस्तीत भागेल. तो रिपोर्ट कुठाय? त्यात लिहिलेल्या दुरुस्तीतलं काय काय केलंत? आणि आता विकत घेणारा बिल्डर स्वतःचा रिपोर्ट आणेल तो वेगळं सांगेल, मग दोन रिपोर्ट जुळत नाहीत म्हणून प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे, तिथून कोर्टात, आणि तोवर इमारत उघडीच पावसात. काळाघोड्याची एस्प्लनेड मॅन्शन बघा. जुनं वॉटसन हॉटेल, बिडाचा सांगाडा विलायतेत बनवून इथे आणून जोडलेला, देशातल्या सगळ्यात जुन्या अशा इमारतींपैकी एक. वर्षानुवर्षं डागडुजी नाही, २०१९ ला रिकामी करावी लागली, मग पाडा म्हणणारा एक अहवाल आणि वाचवता येईल म्हणणारे दुसरे. कोर्टाच्या पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर असून ही गत.

चौथी तक्रार छोटी वाटेल, मला नाही वाटत. पोटमाळ्यावर जुनी लेजरं आहेत, लाल कापडी बांधणीची, हाताने लिहिलेली, एकेक उचलायला दोन माणसं लागतात. कुठल्या गिरणीला किती कॅश क्रेडिट होतं, कुठल्या नाटक कंपनीचं खातं होतं, कुणाचं खातं १९४७ नंतर कधीच कुणी विचारायला आलं नाही, सगळं त्यात आहे. शिफ्टिंगच्या वेळी ती रद्दीत द्यायचं चाललं होतं, युनियनच्या दोघांनी आरडाओरडा केला म्हणून राहिली. आता वरून गळतंय आणि खालून वाळवी. रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या जुन्या कागदांसाठी १९८१ पासून पुण्याला अभिलेखागार चालवलंय, २००४ ला फोर्टातच अमर बिल्डिंगमध्ये नाण्या-नोटांचं म्युझियम उघडलं. आपल्याला निदान कागद कोरडे ठेवता येऊ नयेत?

यावर हेड ऑफिसमधून मला फोनवर जे तोंडी उत्तर मिळालं ते असं, मॅडम, आपण बँक आहोत, म्युझियम नाही. अहो पण म्युझियम करा असं म्हटलंय कुणी? बँकच चालवा की. नाही चालवायची तर भाड्याने द्या. हॉर्निमन सर्कलला एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये २०१२ ला स्टारबक्सने भारतातलं पहिलं दुकान टाकलं, मला त्यांची कॉफी परवडत नाही ते सोडा, पण एवढी मोठी कंपनी आख्ख्या देशात पहिलं दुकान कुठे टाकावं याचा विचार करून जुन्या दगडी इमारतीत आली, मॉलमध्ये नाही. उंच छत, जाड भिंती, आत आपोआप गारवा, याला आज गिऱ्हाईक आहे. आणि आपण तेच 'जसे आहे जेथे आहे' विकतोय.

पैशाचं म्हणाल तर यादीतल्या इमारतीला वाढीव बांधकाम करता येत नाही म्हणून त्या बदल्यात हेरिटेज टीडीआरची, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकायची, तरतूद आहे, तुमच्या प्रिमायसेस डिपार्टमेंटने कधी अर्ज केलाय का? कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या, यादीत ऐतिहासिक इमारतींची दुरुस्ती स्पष्ट लिहिलेली आहे. राजाबाई टॉवरची दुरुस्ती अशीच झाली, टीसीएसच्या पैशातून, आणि तो टॉवर मुळात कुणाच्या देणगीतून उभा राहिला, तर त्याच प्रेमचंद रायचंदच्या, आईच्या नावाने. ज्या माणसाच्या सट्ट्यापायी बँक बुडाली त्याचा टॉवर आज लखलखीत उभा आहे. आणि ज्या इमारती ठेवीदाराचा विश्वास परत मिळवायला बांधल्या त्यांच्यावर पिंपळ. हे काही मला पटत नाही.

कलकत्त्याचं एक उदाहरण देऊन हा विषय सोडते, कारण ते तर बँकेच्याच इमारतीचं आहे. डलहौसी स्क्वेअरला करन्सी बिल्डिंग म्हणून आहे, मूळची आग्रा बँकेची, पुढे सरकारचं नोटांचं ऑफिस, आणि १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली तिचं पहिलं मुख्य कार्यालय तिथेच होतं, १९३७ ला ते आपल्या मुंबईला आलं. नव्वदच्या दशकात ती धोकादायक म्हणून पाडायलाच घेतली होती, मधल्या हॉलवरचे घुमट फोडून झालेसुद्धा, तेव्हा लोकांनी ओरड केली, काम थांबलं, पुरातत्त्व खात्याने ताब्यात घेतली, आणि २०२० ला तिथे कलेचं संग्रहालय उघडलं. घुमट परत आले नाहीत. मधला हॉल आता उघडं अंगण आहे. आपल्याकडे घुमट नाही पण काचेचं छत अजून आहे, एक पांढरं तावदान धरून.

तर माझ्या आणि माझ्याबरोबर सही करणाऱ्या जुन्या स्टाफच्या आणि खातेदारांच्या मागण्या अशा आहेत.

बोली उघडायची तारीख पुढे ढकला. नवीन नोटीस काढायचीच असेल तर तिच्यात इमारत कुठल्या ग्रेडची आहे आणि विकत घेणाऱ्यावर काय बंधनं आहेत ते ठळक छापा, म्हणजे जो येईल तो डोळे उघडे ठेवून येईल.

आधीचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट बँकेच्या वेबसाइटवर टाका. इमारतीत आता कुणी राहत नाही, कुणाची प्रायव्हसी नाही, सिक्युरिटीचं कारण नको, स्ट्राँग रूम रिकामी आहे हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

पावसाळ्याच्या आत गच्ची, पन्हळी आणि पाइप दुरुस्त करा, पिंपळ मुळासकट काढा. हे काम जुन्या इमारतींची माहिती असलेल्या माणसाकडून चुन्यात करून घ्या, नेहमीच्या कंत्राटदाराकडून सिमेंटात नको. फॉल्स सीलिंग उतरवा, छत किती गळतंय ते निदान दिसू दे.

लेजरं आणि जुने कागद कोरड्या जागी हलवा, त्यांची यादी करा. यादी करायला आम्ही येतो, फुकट. आमच्यातल्या निम्म्या लोकांचं अक्षरच त्यात आहे.

विकायचीच झाली तर बँकिंग हॉल, काउंटर, फरशी आणि स्ट्राँग रूमचा दरवाजा आहे त्या जागी ठेवायची अट विक्रीच्या कागदात घाला, आणि हॉल लोकांना बघता येईल अशीही. आणि विकायच्या आधी एकदा, प्रामाणिकपणे, तीच ब्रांच परत तिथे नेली तर वर्षाला किती खर्च येतो याचा हिशेब बोर्डासमोर ठेवा. काचेच्या बिल्डिंगमध्ये आपण भाडं भरतोय, स्वतःची इमारत टाळं लावून. एवढा हिशेब तर ट्रेनी क्लार्कलाही जमेल.

पालिकेतल्या हेरिटेजचं काम बघणाऱ्या साहेबांनाही या पत्राची प्रत दिलीये. त्यांना एवढीच विनंती की पाडायचा अर्ज येईपर्यंत थांबू नका, दुरुस्ती का होत नाही याची विचारणा आत्ताच करा.

आता मे चालू आहे. मंडळींनो, जूनमध्ये पाऊस येतो, बोर्डाची पुढची मीटिंग मला वाटतं त्याच्यानंतर आहे. बाकी सगळं मीटिंगमध्ये ठरवा, पण पन्हळ साफ करायला बोर्डाचा ठराव लागत नाही. गच्चीच्या दाराची किल्ली नव्या ब्रांचच्या मॅनेजर साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे, वॉचमनने मला सांगितलं. त्यांना एक फोन करा. माणूस आणि शिडी आमच्याकडे आहे, मजुरी आम्ही वर्गणी काढून देतो, पावती मात्र बँकेच्या नावाने फाडू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त हेड कॅशिअर, फोर्ट ब्रांच
(डोंबिवली)